नऊ दिवस ‘ऑन’

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात मी एकोणीस वर्षं काम केलं. विभाग म्हणजे तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे, दोन टेबलं आणि काचेच्या दाराआड सर्व्हर. सकाळी साडेआठला आलो की पहिलं काम ठरलेलं होतं. सर्व्हरवर एक कमांड टाइप करायची, पडद्यावर चार-पाच ओळी यायच्या, शेवटच्या ओळीत जर्नल ऑन आहे की ऑफ ते दिसायचं. तो शब्द रजिस्टरमध्ये लिहायचा, वेळ टाकायची, सही करायची.

जर्नल म्हणजे काय, हे मी नव्या नर्सेसना शिकवताना दरवेळी सांगायचो. रक्ताचा रिपोर्ट, औषधाची मात्रा, कोणता पेशंट कुठल्या खाटेवर, हे सगळं दिवसभर डेटाबेसमध्ये जात असतं. पण प्रत्येक बदल आधी एका वेगळ्या फाइलीत क्रमाने लिहून ठेवला जातो. ती फाइल म्हणजे जर्नल. सर्व्हर मधेच कोसळला तर रात्री घेतलेला बॅकअप परत चढवायचा आणि त्यावर जर्नलमधले बदल एकेक करून पुन्हा घालायचे, म्हणजे अगदी कोसळण्याच्या क्षणापर्यंतचं सगळं परत मिळतं. जर्नल बंद असेल तर बॅकअपनंतरचं सगळं गेलं. आणि गंमत अशी की जर्नल बंद पडलं तरी वॉर्डात कुणाला काही जाणवत नाही. कामं नेहमीसारखी होत राहतात, थोडी जलदच होतात. म्हणून कुणीतरी रोज मुद्दाम जाऊन बघावं लागतं. तो कुणीतरी मी होतो.

डोळ्यांचं सुरू झालं ते निवृत्तीला अडीच वर्षं उरली असताना. मला शुगर होती, गोळ्या चालू होत्या. आधी डाव्या डोळ्याने दाराची चौकट मध्येच फुगल्यासारखी दिसू लागली. मग रजिस्टरच्या सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. उजवा डोळा चांगला आहे असं मी स्वतःला सांगत होतो, तोवर त्यातही मधोमध एक धुरकट ठिपका आला. कडेचं सगळं दिसायचं. माणसं ओळखू यायची, जिना उतरता यायचा, पण ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच पुसलेलं असायचं. मी स्कूटर सोडली. कंबर दुखते म्हणून घरी सांगितलं आणि ऑटोने जायला लागलो.

आमच्याच रुग्णालयात पहिल्या मजल्यावर डोळ्यांची ओपीडी होती. तिथे गेलो असतो तर केस पेपर निघाला असता, आणि तो केस पेपर ज्या सर्व्हरवर जातो तो माझ्याच खोलीत होता. सगळ्यांना कळेल ही एकच भीती. बाहेर दुसरीकडेही गेलो नाही. पडद्यावरची अक्षरं मोठी करायची तर शेजारच्या टेबलावरून दिसली असती. म्हणून मी काहीच केलं नाही. कमांड बोटांना पाठ होती. शेवटच्या ओळीतला शब्द धुरकट दिसायचा, पण गेली कित्येक वर्षं तो ‘ऑन’च होता. इंग्रजीत ऑन आणि ऑफच्या लांबीत एका अक्षराचा फरक. मी ‘ऑन’ लिहायचो.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. खाप्याची. नागपुरात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळची बस पकडून गावी जायची. रुजू होऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. आली तेव्हा ती माझं रजिस्टर चाळून म्हणाली होती, “सर, एवढ्या वर्षांत एकबी दिवस सुटला नाही?” मी म्हटलं होतं, “सुट्टीचे सोडून एकबी नाही.” तेव्हा ते खरं होतं.

त्या हिवाळ्यात तपासणीसाठी बाहेरून आलेल्या समितीने शेरा मारला, की दिवसातून एकदा हाताने बघणं पुरेसं नाही. सुट्टीच्या दिवशी तर कुणीच बघत नाही. त्यावर या मुलीने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतली. दर पंधरा मिनिटांनी ती सर्व्हरला जर्नलची स्थिती आपोआप विचारणार, आणि ऑफ दिसलं तर आमच्या फोनवर मेसेज टाकणार. मला ऐकून बरं वाटलं. आता मला बघायला लागणार नाही, हा पहिला विचार. आणि दुसरा, की माझ्या हातातलं एक काम गेलं. दोन्ही त्याच क्षणी मनात आले.

एका मंगळवारी दुपारी तिने स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली. थोड्या वेळाने ती खुर्ची ओढत माझ्याकडे आली.

“सर, माह्या स्क्रिप्टमध्ये काहीतरी गडबड आहे. ते जर्नल ऑफ दाखवून राहिलं.”

“ऑफ?”

“हो ना. आन तुमी तर सकाळीच ऑन लिवलं. मी काहीतरी चुकीचं वाचून राहिली वाटते.”

तिला शंका आली ती स्वतःच्या स्क्रिप्टची. मशीनने एक सांगितलं होतं, माझ्या रजिस्टरने दुसरं, आणि तिने रजिस्टर खरं धरलं. त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. तरी मी म्हणालो, “तुझ्याच स्क्रिप्टमध्ये चूक असेल. पुन्हा बघ.”

ती पुन्हा बघायला बसली. संध्याकाळी सहाला मी निघालो तेव्हाही ती बसलेली होती. समोर वहीत ओळी लिहून प्रत्येक ओळीवर पेन्सिल टेकवत होती.

घरी बायकोने भाकर वाढली. जेवणाआधी, सांजवेळी, ती रोज बुद्धवंदना म्हणते, मीही बरोबर बसतो. पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथे, माझा आवाजच निघाला नाही. तिने डोळे उघडून बघितलं.

“काहून वो? तब्येत बरी नाही का?”

“घसा धरला,” मी म्हटलं. हे आणखी एक खोटं.

बुधवारी मी आठलाच पोचलो. खोलीत कुणी नव्हतं. कमांड टाइप केली आणि मान तिरपी करून, डोळ्याच्या कडेने शेवटची ओळ पकडायचा प्रयत्न केला. शब्द नेहमीपेक्षा किंचित लांब वाटला. वाटला एवढंच, खात्री होईना. जर्नल गुपचूप चालू करून टाकावं असंही मनात आलं. तसं केलं तर तिची स्क्रिप्टही ‘ऑन’ दाखवेल आणि काल आपलंच काहीतरी चुकलं असेल असं तिला वाटेल. पण चालू करायची कमांड वेगळी होती. ती मध्ये दोन प्रश्न विचारायची, आणि ते प्रश्न मला वाचता आले नसते. भलतंच उत्तर दिलं गेलं तर काय होईल, या भीतीने हात मागे घेतला. मग रजिस्टर उघडलं आणि ‘ऑन’ लिहून सही केली. जर्नल बंद होतं त्या दिवसांतल्या आधीच्या आठ सह्या दिसत नव्हतं म्हणून झाल्या होत्या. ही नववी मात्र तशी नव्हती.

ती नऊला आली. चेहरा ओढलेला होता.

“सर, एक करू. तुमी तुमची कमांड टाका, आन शेवटची ओळ मले वाचून दाखवा. माही स्क्रिप्ट नेमकं कुठं चुकते ते मले समजून जाईन.”

ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी कमांड टाइप केली. ओळी उमटल्या.

“जर्नल ऑन,” मी म्हणालो.

ती माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकली.

“परत एकदा वाचा ना सर.”

“ऑन.”

तिने शेजारची खुर्ची ओढली, बसली, आणि हळूच म्हणाली, “जरा सरका सर.” कीबोर्ड स्वतःकडे घेतला, काहीतरी टाइप केलं, दोनदा थांबली, पुन्हा टाइप केलं. “आता झालं ऑन,” म्हणाली. मग लगेच पूर्ण बॅकअप घ्यायला लावला, कारण तो घेतल्याशिवाय नव्या जर्नलला खाली आधार नव्हता. बॅकअपला चाळीस मिनिटं लागली. मधेच वॉर्डातून एक फोन आला, तो तिने घेतला. बॅकअप संपल्याचा मेसेज आला तशी ती उठली, काचेचं दार लावून घेतलं आणि समोर येऊन बसली.

“कवापासून सर?”

“सर्व्हरच्या नोंदीत, लॉगमध्ये असंल ना,” मी म्हटलं. “सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस दहा दिवसांआधी, रविवारी, जुने रिपोर्ट चढवाले आला होता. काम जलदी व्हावं म्हणून त्यानं बंद केलं असंल, आन जाताना चालू कराचं राहून गेलं.”

“जर्नलचं नाही विचारून राहिली मी. डोळ्याचं विचारून राहिली.”

मला रडू आलं नाही. उलट खूप दिवसांनी एखादं ओझं खाली ठेवावं तसं वाटलं, आणि मी सगळं सांगितलं. चौकट, रेघा, स्कूटर, पहिल्या मजल्याची भीती. ती ऐकत होती. माझं झाल्यावर मी तिच्याकडे एक मागणं केलं, ज्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, “तुझ्या स्क्रिप्टचा लॉग आजपासून सुरू कर. कालचा काढून टाक. मी रजिस्टर सांभाळतो.”

तिने मान खाली घातली.

“ते नका मागू सर,” ती म्हणाली. “माहे बाबा हातमागावर काम करत. त्याईले तुटला धागा दिसे नाही. आई गुपचूप जाऊन जोडून दे, कोणाले सांगे नाही. लय वर्षं झाकलं तिनं. मग जवा दवाखान्यात नेलं तवा उशीर झाला होता. एक डोळा गेला त्याईचा.” मग म्हणाली, “मी सांगाले जाणार नाही कोणापाशी. पण लॉग मी नाही काढणार. तुमीच सांगा. आजच सांगा.”

दुपारी दोनला मी अधीक्षक डॉक्टर बाईंच्या खोलीत गेलो. मुलगी दारापर्यंत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. मी रजिस्टर बाईंसमोर ठेवलं आणि नऊ सह्यांवर बोट ठेवून सांगितलं, की यातली एकही बघून केलेली नाही, आणि शेवटची तर शंका आल्यावरही केलेली आहे.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेशंटचा. “या दिवसांत कुणाचा रिपोर्ट गेला? काही हरवलं?”

“नाही मॅडम. सर्व्हर चालू राहिला, म्हणून काही गेलं नाही.”

“आणि बंद पडला असता तर?”

“त्या दिवसाचं सगळं गेलं असतं. रक्तगट, डायलिसिसच्या नोंदी, सगळंच.”

त्या खुर्चीत मागे टेकल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्याही, पण त्यांचा आवाज वाढला नाही. “तुम्ही मला दृष्टीचं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, असं तुम्हाला वाटत होतं?” त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर त्या काय करतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी फक्त लपवण्याचा विचार केला होता. त्यांनी फोन उचलला, पहिल्या मजल्यावर लावला आणि मला म्हणाल्या, “आधी वर जा. मग घरी. बाकीचं कागदावर येईल.”

ओपीडीत त्यांनी मला चौकोन छापलेला एक कागद दाखवला. मधल्या ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा. मला मधले चौकोन आत ओढल्यासारखे, गुंडाळल्यासारखे दिसले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, “किती दिवस झाले?” मी म्हटलं, “वर्ष होईल.” त्यांनी कागद खाली ठेवला आणि डोळ्यांत थेंब टाकून आतला पडदा तपासला. शुगरमुळे पडद्याच्या मधोमध पाणी साठलं होतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती, दर महिन्याला एक, आणि किती परत मिळेल ते आताच सांगता येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. सुरुवातीची दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात ती म्हणाली, “माहीत हाये मले.”

“काय माहीत आहे?”

“तुमी पेपर उघडता आन पान पलटवतच नाही. दिवाळीपासून पाहून राहिली मी. मले वाटलं डोक्यात काही टेन्शन असंल, सांगतीन कवातरी.” मग उठून तिने माझी शुगरची फाइल काढली, इंजेक्शनच्या तारखा विचारल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठे गोल करून ठेवले. जेवताना म्हणाली, “आता पुन्हा घसा धरला म्हणून सांगू नका मले.”

चार दिवसांनी पत्र आलं. लेखी समज, सर्व्हरची जबाबदारी काढून घेतल्याचा आदेश, आणि एक महिन्याची वैद्यकीय रजा. तिन्ही गोष्टी एकाच कागदावर. मला ते योग्य वाटलं. वाईटही वाटलं.

इंजेक्शनची भीती वाटते तेवढी ती दुखत नाहीत, पण सुई येताना दिसते. तिसऱ्या इंजेक्शननंतर उजव्या डोळ्यातला ठिपका विरत गेला. मोठी अक्षरं वाचता यायला लागली. डाव्या डोळ्याचं मधलं मात्र गेलं ते गेलंच.

रजेवरून परतल्यावर मला टेलिफोनवर बसवलं. वॉर्डातून कुणी अडलं की फोन माझ्याकडे यायचा. सगळे स्क्रीन मला पाठ होते. “वरून तिसरं बटण दाबा सिस्टर, आता पिवळी पट्टी आली असंल,” असं मी न बघता सांगायचो, आणि पट्टी आलेली असायची. या कामात मी बरा होतो हे मला आधी माहीत नव्हतं.

मुलीची स्क्रिप्ट तोवर चालू झाली होती. एक दिवस ती म्हणाली, “सर, तुमी इतकी वर्षं हेच काम केलं. यात काय कमी आहे ते सांगा.”

मी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं, की तुझी स्क्रिप्ट दोनच उत्तरं देते, ऑन किंवा ऑफ. पण तिला कधी सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, उत्तर वाचताच आलं नाही, तर ती काय सांगेल?

तिने तपासलं. तशा वेळी स्क्रिप्ट काहीच सांगत नव्हती. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, असंच आम्ही समजलो असतो.

“मंग तिसरं उत्तर ठेव,” मी म्हटलं. “वाचता आलं नाही, असं. आन त्यालेबी ऑफ एवढाच मोठा अलार्म दे. आन सकाळी आठले, सगळं ठीक असलं तरी, एक मेसेज यालेच पाहिजे. नाही आला तर स्क्रिप्टच झोपली समज.”

तिने वहीत लिहून घेतलं आणि त्याच दिवशी बदल केला. उन्हाळ्यात एका दुपारी पहिल्यांदा ‘वाचता आलं नाही’ असा मेसेज आला. कुणीतरी सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टला तो दिलाच नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं. पण तो मेसेज आला नसता तर किती दिवस गेले असते, ते सांगता येत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी कँटीनमध्ये चहा घेताना ती सहज बोलून गेली, की त्या मंगळवारी ती सात वाजेपर्यंत बसली होती, मग खोलीवर जाऊन तिने आईला फोन केला आणि हे काम आपल्याला जमत नाही, नोकरी सोडून खाप्याला परत येते, असं सांगितलं होतं. मला हे माहीतच नव्हतं. नऊ सह्यांचा हिशेब मी अधीक्षक बाईंना दिला होता. ‘तुझ्याच स्क्रिप्टमध्ये चूक असेल’ या वाक्याचा कुणाला दिला नव्हता. मी तिची माफी मागितली. ती गोंधळली, कप उचलला, परत ठेवला.

“आई म्हणे, सकाळी एक डाव अजून पाह्य,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमाले वाचाले लावलं.”

आता मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. ती अजून तिथेच आहे, माझ्या टेबलावर बसते. मी महिन्यातून एकदा तपासणीला जातो. वर जाण्याआधी खाली डोकावतो, पण काचेच्या दाराआड जात नाही.

गेल्या महिन्यात कुहीला चुलतभावाकडे गेलो होतो. धानाचं काम आटोपलं होतं, अंगणात खाटेवर बसलो होतो. त्याचीही शुगर जुनी. मी विचारलं, “डोळे कवा दाखवले गा?” तो चिडला. “मले चांगलं दिसते,” म्हणाला, आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या मोटरसायकलचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. मला तो नंबर दिसला नव्हता, त्यामुळे बरोबर होता की नाही ते कळलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं. वहिनी आतून म्हणाल्या, “काल सुईत धागा मीच ओवून देल्ला.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला मी चढलो, तर तो मागच्या दाराने आधीच येऊन बसला होता. हातात पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट. “चाल,” म्हणाला, “तुह्याच दवाखान्यात दाखवतो,” आणि दोघांची तिकिटं काढली.